जुन्या फ्रेमला नवा शॉक

…बसेल हो. बसणार नाही असं मी कुठे म्हटलं? बसणं वेगळं आणि नीट बसणं वेगळं, एवढंच म्हणत होते – लगेच तोंड पाडू नका. आणा तो खोका इकडे. आणि तुम्ही टेका कुठेतरी, असं उभ्याउभ्या माझ्या हातांकडे बघत राहिलात की मला सुधरत नाही – त्या स्टुलावर नको, त्याचा पाय मोडलाय, त्यावर फक्त आमचे हे बसू शकतात, त्यांना त्याची खोड माहितीये – हां, त्या दुसऱ्यावर. चहा? नको? बरं झालं, दूध नासलंय, पण विचारावं लागतं ना.

बघू तर काय आणलंय. अगं बाई, केवढा हा! आणि हे पोटाला काय बांधलंय – तेलाची वेगळी टाकी, हो हो, माहितीये, आजकाल सगळ्यांना असते. तुमची ही सायकल जन्माला आली ना, तेव्हा मागचा शॉक म्हणजे एक नळी, आत हवा, बाहेर एक खटका, संपला विषय. आता हा निळा खटका, हा लाल, हा बारका काळा – दणका बसला की किती दबायचं, दबलं की किती सावकाश वर यायचं, सगळं आपणच सांगायचं त्याला. आमच्या ह्यांचं म्हणणं असं, की जुन्या फ्रेमला नवा शॉक म्हणजे म्हाताऱ्याला तरण्याचे गुडघे. चालेल, पण कमरेनं ऐकलं पाहिजे. – हसा, हसा. सगळेच हसतात ह्याला. ते बोलायचेच तसे. – बोलतात. बोलतात म्हणायचं होतं मला.

तर आधी हा जुना काढू. आधी हवा सोडायची, मग बोल्टला हात लावायचा – उलटं केलं तर बोल्ट आणि दात दोन्ही जातात. ऐका – फुस्स. बास, मेला. आता ही चावी इथे, पाना पलीकडून – घट्ट बसलाय, किती पावसाळे तसाच ठेवलाय कुणी, देव जाणे – आला. आला बघा. ह्याला दोन्ही टोकांना भोकं असतात, त्यांना आम्ही डोळे म्हणतो. ह्या डोळ्याच्या मध्यापासून त्या डोळ्याच्या मध्यापर्यंत जी लांबी, ती सगळ्यात महत्त्वाची. तुम्ही ती मोजूनच नवा मागवला असणार. कसा मोजलात? – आत हवा असताना? पूर्ण बाहेर आलेला? शाब्बास. नाही, खरंच शाब्बास, चेष्टा नाही करत. कारण काय होतं, जुना शॉक आतल्या आत गेलेला असला ना, की तो दबूनच राहतो, वर येतच नाही, आणि तसाच मोजला की आखूड भरतो. मग नवाही आखूड येतो. आणि शॉक आखूड आला की सगळी सायकल खाली बसते. नवशिके पण चुकत नाहीत हल्ली, तुमच्यासारखे फोनवर बघून येतात ना सगळे. चुकायचंच असलं तर जाणत्यानं चुकावं.

तो? तो टिकटिक आवाज? ते आमचे हे. आत छर्रे निवडतायत – बेअरिंगमधले छर्रे हो, मोठे एका वाटीत, बारके दुसऱ्या वाटीत. तुमच्या डोळ्यांना सगळे एकसारखेच दिसतील, पण त्यांच्या बोटांना कळतं. एकही चुकत नाही. सगळे निवडून झाले की मी परत कालवते. – म्हणजे काम संपत नाही दुकानात, असं म्हणायचंय मला. सायकलच्या दुकानात काम कधी संपतं का? हात द्या जरा, हे मागचं चाक वर उचलून धरा. धरलं? आता सोडा. बघा कसं लोंबतंय नुसतं. शॉक काढला की मागचा अर्धा भाग सुटाच होतो सायकलीचा, मालकच नाही राहत कुणी त्याला. परत उचला, अगदी वरपर्यंत – मला बघायचंय टायर इथे सीटच्या नळीला घासतो का. नवा शॉक थोडा जरी जास्त दबणारा निघाला, तर मोठ्या उडीत टायर फ्रेमला लागतो, आणि मग माणूस पुढे आणि सायकल मागे. नाही लागत. बोट जातंय मध्ये. उत्तम.

मास्तर म्हणतात आमच्या ह्यांना सगळे, तुम्ही ऐकलं असेल नाव. ऐकलंय ना? वाटलंच. लांबलांबून यायची माणसं – माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे. मी आपली पंक्चर आणि ब्रेक. हे सगळं नंतर शिकले. म्हणजे शिकले असं पण नाही. बघत होते ना शेजारी उभी राहून इतकी वर्षं, कढईत काय चाललंय ते बघूनच येतं की माणसाला. एके दिवशी हातात पाना आला आणि हात चालायला लागले. मला काही विशेष वाटलं नाही. मला आजकाल कशाचंच विशेष वाटत नाही, ते एक बरं आहे.

हं. आता नवा लावून बघू. मागचा डोळा – गेला, छान, लोण्यासारखा. पुढचा – पुढचा बघा. बघितलंत? दोन्ही बाजूंना फट आहे. वाजवते थांबा – खडखड, खडखड. हे म्हणत होते मी मघाशी, बसणं वेगळं आणि नीट बसणं वेगळं. लांबी तुम्ही अगदी बरोबर आणलीत, पण फ्रेमचा हा जबडा रुंद आहे आणि शॉकचा डोळा अरुंद. मध्ये दोन बाजूंना दोन स्पेसर लागतात, अशा बारक्या नळ्या ॲल्युमिनियमच्या, अंगठीएवढ्या. आणि ह्या कंपनीनं काय शहाणपण केलं, जगात कुणाचा नाही असा ह्या जबड्याचा रुंदपणा ठेवला, आणि मग कंपनीच बुडाली. आता ते स्पेसर कुठे मिळणार? कुठे नाही. लेथवर कातून घ्यावे लागतात. आमचा लेथवाला दुकान मोडून मुलीकडे राहायला गेला. दुसरा आहे एक, तो आज देतो उद्या देतो करत लंबकाच्या घड्याळासारखा जागच्या जागीच. – नाही हो, वॉशर घालून नाही चालत. घालतात लोक, माहितीये. अर्ध्या उतारावर वॉशर सरकतो आणि शॉक तिरका होतो, मग तुम्ही आहात आणि दरी आहे.

उद्या पहाटे? उद्या पहाटे कसं जमेल? – आख्खा ग्रुप जातोय, तुम्ही एकटेच राहाल, मान्य आहे, पण मी काय तोंडातून काढू स्पेसर? तुम्ही आधी – वर कुठे बघताय?

ती नाही. – हो, तीच फ्रेम आहे. तोच हिरवा रंग, तुमच्या सायकलीसारखाच उडालेला. हो, शॉक नाहीये तिला आणि बोल्ट तसाच आहे जागेवर, आणि बोल्टात दोन स्पेसर ओवलेत – काय नजर आहे हो तुमची, घार बरी. पण ती नाही. ती विकायची नाही आणि तिचं काही काढायचं नाही. ती मास्तरांची आहे. शॉक कंपनीत गेलाय तिचा. दुरुस्तीला. येईल आता. म्हणून टांगून ठेवलीये.

ती बुडालेली कंपनी नव्हे, शॉकवाली कंपनी. – हो, इतके दिवस लागतात कधीकधी.

असं बघू नका माझ्याकडे. बरं, नाही गेलाय. पांघरुणांच्या पेटीत आहे, तळाशी, जाड पांघरुणांखाली, तिथे ते हात घालत नाहीत. झालं समाधान? तुम्हाला सांगून काय उपयोग म्हणा, आणि तुम्हाला न सांगून तरी काय. तुम्ही गावातले नाही, उद्या डोंगरावर जाल आणि परवा विसरून जाल. – विसरून जाल. किती सहज म्हणतो ना आपण.

झालं काय, ह्यांच्या सायकलीचा जुना शॉक गेला. ह्यांनी मोजला, नवा मागवला. आला तो आखूड. मी म्हटलं, अहो, दबलेला असताना मोजलात की काय? हे ज्या माणसाला विचारायचं म्हणजे – कसं सांगू – आचाऱ्याला विचारावं, भात शिजवताना पाणी घातलंत का. तेच शिकवायचे सगळ्यांना. पोरं चुकीचं मोजून आली की काय फिरकी घ्यायचे त्यांची. आणि मला म्हणतात, बरोबर आहे लांबी, तूच चुकतेस. आणि असे म्हणाले ना, की मीच व्हर्नियर घेऊन परत मोजायला बसले, मलाच वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मग त्याच्यासाठी स्पेसर केले त्यांनी स्वतः, लेथवाल्याकडे उभं राहून. ते मात्र असे केलेत – केसाचा फरक नाही. कडेला बारीक रेघ मारतात ते, स्वतःच्या हातानं केलेल्या प्रत्येक वस्तूवर. काय अजब आहे बघा. अंगठीएवढी नळी केसाइतकीही चुकली नाही आणि वीतभर शॉक बोटभर चुकला. शॉक चुकला आणि स्पेसर बरोबर.

बसवला आणि गेले डोंगरावर. सायकल खाली बसलेली, प्रत्येक दगडाला पेडल लागतंय. खरचटून आले, कोपर फुटलेलं. म्हटलं काय झालं? तर म्हणाले, दगड वाढलेत. – हो! अगदी असंच, चेहऱ्यावर सुरकुती न हलवता. दगड वाढलेत म्हणे वरच्या वाटेवर. काय हसले मी! वाटलं, हा त्यांचा नेहमीचा तिरकसपणा. दुकानात येईल त्याला सांगितलं, ऐका, मास्तर म्हणतात दगड वाढलेत. सगळे हसायचे. तेही हसायचे मग. सगळे हसतायत म्हणून.

पूर्वी मी पण जायचे बरोबर. गुडघे होते तेव्हा. मी चढाला मंद, आणि ह्यांना मंद चालवता येत नाही, बिचारे रस्त्याच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी चालवायचे माझ्यासाठी. मग मीच म्हणायचे, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच. तसे निघायचे. वर एक वाकडं झाड आहे, उद्या बघाल तुम्ही, उताराच्या तोंडाशीच – त्याच्याखाली पाण्याची बाटली घेऊन बसलेले असायचे. मी धापा टाकत पोचले की बाटली पुढे करायचे. आधी मला, मग स्वतः. कधी एकट्यानं उतरायला सुरुवात केली नाही. कितीही उशीर झाला तरी.

गुडघे गेले तशी मी विकून टाकली माझी. ते एकटे जायला लागले, ठीक चाललं होतं. मग एक दिवस गेले ते आलेच नाहीत. संध्याकाळ झाली, अंधार पडायला आला, फोन इथेच गल्ल्यावर. मी दुकान उघडं टाकून रस्त्यावर उभी. शेवटी जंगल खात्यातला एक माणूस घेऊन आला त्यांना जीपमधून, सायकल मागे टाकून. तो म्हणाला, दुपारपासून झाडाखाली बसलेत. दोनदा हटकलं मी, तर म्हणतात, थांबलोय, बायको येतेय मागून. चढाला मंद आहे ती.

बाटली भरलेली होती तशीच. थेंब प्यायले नव्हते.

नाही हो, रडत नाहीये, हे डोळे असेच असतात माझे, रॉकेलनं. रडू यायचं तेव्हाच नाही आलं. डॉक्टरनं त्या डोक्याच्या फोटोच्या पट्ट्या लावल्या उजेडावर, इथे असं झालंय, तिथे तसं झालंय, मी हो हो म्हणतेय. वाटलं, जिन्यात येईल रडू. नाही आलं. घरी येईल. घरी आले तर दाराशी गिऱ्हाईक, मी पंक्चर काढायला बसले. कधी थंडीत हात रॉकेलमध्ये बुडवलेत तुम्ही? बोटं असतात, दिसतात, पाना पण धरतात, पण आपली नसतात. तसं आहे माझं. आता तुमच्याशी बोलतेय ना, तेही दुसरंच कुणी बोलत असल्यासारखं ऐकू येतंय मला.

मग रात्रीतून शॉक काढून घेतला मी. कुलूप लावून बघितलं होतं आधी, पण कुलूप त्यांच्यापुढे म्हणजे काय, केसाच्या पिनेनं उघडतात. शॉक नसलेली सायकल मात्र कुणालाच चालवता येत नाही, मास्तर असो नाहीतर मास्तरांचा बाप. सांगितलं, कंपनीत गेलाय. रोज सकाळी विचारतात, आला का? मी म्हणते, उद्या येईल. म्हणतात, बरं, मग उद्या जाऊ. आणि खूश होऊन छर्रे निवडायला बसतात. रोज नव्यानं खूश. तुम्हाला सांगते, मला कधीकधी हेवा वाटतो त्यांचा.

मुलगी फोन करते लांबून, बाबा कसे आहेत. मजेत, म्हणते मी. सायकल चालवतात का? शॉक आला की चालवतील, म्हणते. आता तिला पण तेच सांगते, सवयच लागली. आणि खरं विचाराल तर – तुम्ही काही विचारत नाही म्हणा, नुसते ऐकताय, शहाणे आहात – खरं म्हणजे मलाही वाटायचं, येईल. कुठून येईल? पेटीतून उठून? पण रोज म्हणत राहिलं की वाटतं. म्हणून तर स्पेसर बोल्टात ओवून जागेवर ठेवले, हरवायला नकोत, वेळेवर सापडले पाहिजेत. कसली वेळ? ते आता सायकल चालवणार नाहीत. कधीच नाही.

बघा. बोलले. इतके दिवस कुणाशी नाही बोलले आणि तुमच्यापुढे – काही झालं पण नाही. छत नाही पडलं.

ते उंच स्टूल द्या इकडे. ते, ते मोडकं पण चालेल, तुम्ही धरून ठेवा. – राहू दे, माझा हात पोचतो. तुम्ही फक्त चाक धरा, डोक्यात पडेल. ही चावी… बोल्ट सैल आहे, मीच सैल ठेवलेला. एक. हा दुसरा. घ्या. धरा हातात. बघा ती रेघ, कडेला – नखानं कळते. नेऊन टाका डोंगरावर, इथे टांगून गंजण्यापेक्षा. ॲल्युमिनियम गंजत नाही, माहितीये, बोलण्याची पद्धत असते एकेक.

चला, हात चालवू दे. ग्रीस जरा – इथे, आणि इथे. हा गेला डोळ्यात, हा पलीकडून, आता जबड्यात – अहाहा. वाजवा आता. हलवा, जोरात हलवा. खडखड आहे? नाव नाही. म्हटलं नव्हतं, केसाचा फरक नाही म्हणून? बोल्ट आवळून घेते. आता हवा. तुम्ही तब्येत राखून आहात हो, लाजू नका, शॉकपुढे लाजायचं नसतं, त्याला खरं वजन सांगावं लागतं. थोडी भरायची, मग सायकल दाबायची अशी बुडावर – दाबा, दाबा – म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांत सारखी पसरते. परत भरायची. ही रबराची रिंग बघितलीत? ही अशी खाली सरकवायची. आता बसा वर, बॅगेसकट बसा, उद्या बॅग असणारच ना पाठीवर. भिंतीला धरा. हललात की सगळं मुसळ केरात. आता उतरा, अलगद. बघा, रिंग इथे थांबली. तुमच्या वजनानं शॉक इथवर दबला. पाव हिश्श्याच्या जरा पुढे, अगदी हवं तिथे. आता ही तुमची सायकल झाली. दुसरं कुणी बसलं तर त्याला ती परकी लागेल.

झालं की. पहाटे काय, आत्ता निघा तुम्ही. पंप तेवढा –

थांबा. टिकटिक थांबली.

हवेचा आवाज ऐकला वाटतं त्यांनी. बसा तुम्ही, बसा. काही बोलू नका, विचारलं काही तर नुसतं हं म्हणा. आणि वर बघू नका. – या ना, या. सावकाश, तिथे ट्यूब पडलीये. – कोण, हे? गिऱ्हाईक आहेत, ब्रेकचं विचारायला आलेत. – हो, चांगले आहेत. – काय? – काय म्हणालात?

…हो.

हो. आला. आज आला. हे काय, आत्ताच लावला. – नवीनच दिला त्यांनी, जुना दुरुस्त होईना म्हणाले. – टाकी आहे ती, तेलाची. आवडली नाही? असू दे, राहील आता. – हो, स्पेसर तेच. तुमचेच. बघा की. – बघितलंत भाऊ? रेघेवर अंगठा फिरवला आणि हसले. सकाळी स्वतःच्या मुलीचा फोटो बघून मला विचारत होते, ही कोण. – वर बघू नका म्हटलं ना तुम्हाला! – काही नाही हो, ह्या भाऊंना म्हणतेय. लांबी? लांबी बरोबर आहे. हवा भरून मोजला होता. हो, पूर्ण बाहेर आलेला. नाही चुकले.

बसायचंय? – बसा की. थांबा, मी हँडल धरते. भाऊ, ती रिंग परत खाली सरकवा. भिंतीला हात लावा. डावा पाय आधी – तेच, तुम्हाला काय शिकवायचं. बसले. – अहो, धरलंय मी, घट्ट धरलंय. – काय? – हवा जास्त आहे? कुणी भरली म्हणून काय विचारता, मीच भरली. – रिंग बघा तर भाऊ, माझा हात मोकळा नाही. कुठे आहे? – हललीच नाही? जरासुद्धा?

बरोबर आहे त्यांचं. तुमच्या वजनाची हवा आहे ती. हे केवढेसे उरलेत. मी रोज अंघोळ घालते त्यांना, मला दिसत नाही असं थोडंच आहे, रोज बघते. पण असं नव्हतं बघितलं. असं रिंगेवर.

काढते हो, काढते. तुम्ही तसेच बसा. – बास? – अजून? – घ्या. – आता? – अजून? अहो, मग उरेल काय आत? – बरं. तुम्ही सांगाल तसं. – आता दबला. आता आली रिंग जागेवर. हो ना? आता बरोबर ना? हसतायत बघा. बसल्याबसल्या वरखाली करतायत, लहान मुलासारखे.

हं? काय भाऊ? – तुमची हवा उद्या भरू. सायकल आज राहू दे इथे. – म्हणाले होते, हो, आत्ता निघा म्हणाले होते मी. आता नाही म्हणतेय. – पहाटे नको, दुपारी या. – तुमचा ग्रुप जाईल पुढे, जाऊ दे. डोंगर कुठे पळून जात नाही. – उठा. उठा ना. तो खोका घ्या तुमचा. आणि जाताना ते शटर ओढून घ्या बाहेरून, अगदी खालपर्यंत. बाहेर थांबू नका, ह्यांना सावली दिसते फटीतून, मग विचारत बसतात कोण थांबलंय.

– आले, आले. कुठे जातेय मी? इथेच आहे. – निघायचं? आत्ता? – हो, ऊन उतरलंय, वेळ बरोबर आहे. – बाटली भरलीये, हो. – नाही, नाही विसरत.

शटर, भाऊ.

– हो, ऐकलं. तुम्ही व्हा पुढे. मी आलेच.